लोणचं कमी करा

पालिकेने प्रत्येकाच्या पोटात बसवलेली गोळी यमुनाबाईंच्या पोटातून गोड आवाजात तिसऱ्यांदा बोलली, "कॅन्सरला बोलावणारे जंतू परत आले. लोणचं कमी करा."

हेच ऐकत ऐकत त्यांचा नवरा जठराच्या कॅन्सरने गेला होता. औषधाचे दोन कोर्स संपवलेल्या बाई तडक पाणीखात्यात धडकल्या.

"साहेब, दोष तुमच्या नळात आहे!"

"मावशी, गोळी चुकत नाही. नळही चुकत नाही," साहेब हसले.

"मग घ्या की आमच्या नळाचं." बाईंनी बाटली पुढे केली.

साहेब ऐटीत घोटभर पाणी प्यायले. लगेच त्यांच्या पोटातून आवाज आला, "जंतू आले. लोणचं कमी करा."

"अहो, पण मी लोणचं खातच नाही!"

"आमचे हेही खात नव्हते," बाई म्हणाल्या.