कुलूपबाईंचं कपाट

हेडसरांनी पुन्हा एकदा वर्गात डोकावून विचारलं, "बाई, किल्ली आहे ना जवळ?"

"आहे हो, सर." बाईंनी गळ्यातल्या दोरीला अडकवलेली किल्ली उचलून दाखवली.

पुस्तकं भेट देणाऱ्या आजी आज वर्ग बघायला येणार होत्या, आणि सातवीला इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. खिडकी उघडली, बंद केली. फळा पुसला, लिहिला, परत पुसला. भिंतीवरच्या नकाशाची फाटकी बाजू कपाटामागे सरकवली आणि लपवलेलं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा बाहेर ओढली. त्या नकाशातला एक अख्खा महासागर वाळवीने खाल्ला होता.

आजींची पद्धत साधी होती. आधी पुस्तकांची एक पेटी द्यायची आणि वर्षभराने येऊन बघायचं. मनासारखं दिसलं, तर दुसरी पेटी: प्रोजेक्टर, नवे नकाशे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपायला छोटे रेकॉर्डर. नाही दिसलं, तर विषय संपला. बाईंना ती दुसरी पेटी अगदी जीव तोडून हवी होती. खडूने किल्ले आणि जहाजं काढून काढून त्यांचा खांदा धरला होता, आणि एवढं करून मुलांना ते जहाज केळ्यासारखंच दिसायचं.

म्हणून पहिली पेटी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली. आधीच्या शाळेत भेट आलेली पुस्तकं बघता बघता नाहीशी झाली होती आणि बोलणी बाईंना खावी लागली होती. इथे तसं होऊ द्यायचं नव्हतं. पेटी आली त्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक ठेवलं आणि बजावलं, "घरी न्या, खाकी कव्हर घाला, उद्या परत आणा. मग कपाटात, आणि कपाटाला कुलूप."

"मग वाचायची कधी, बाई?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं होतं.

"आजी बघून गेल्या की."

दुसऱ्या दिवशी एकूण एक पुस्तक परत आलं. कव्हरं इतकी घट्ट, चिकटपट्टी इतक्या सढळ हाताने लावलेली, की बाईंना भरून आलं. तेव्हापासून काचेच्या कपाटात ती खाकी रांग उभी होती. बाई रोज कुलूप ओढून बघायच्या. मुलांनी त्यांचं नाव कुलूपबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

आजी आल्या. लहानखुऱ्या, तुरुतुरु चालणाऱ्या. हेडसरांनी पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही, थेट कपाटाच्या काचेला नाक लावलं.

"किती जपलंय हो तुम्ही!"

बाईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात आजी मुलांकडे वळल्या.

"सांगा बघू, पूर्वी मिठासाठी माणसं एवढी भांडायची, ती का?"

बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. हे काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. हे पेटीतल्या पुस्तकातलं, म्हणजे कुलपाआडचं. आता मुलं माना खाली घालणार आणि वर्षभरात एक पानही उलटलेलं नाही हे आजींना कळणार. एवढं कशाला जपत बसलो आपण? त्यांना स्वतःचाच राग राग आला.

चष्मेवाली उभी राहिली. "तेव्हा फ्रीज नव्हते ना, आजी. मासे टिकवायला मीठच. मग मिठाच्या वाटेवर जकात घ्यायला नाके बसायचे, आणि लोक रात्री चोरून..."

"रात्री नाही, धुक्यात!" मागून कोणीतरी ओरडलं. "रात्री पहारा असायचा."

"तू शेवटचा धडा..." तोच मागचा आवाज पुढे काही म्हणणार, तोच शेजारणीने कोपर मारून त्याला थांबवलं.

आजींनी जुन्या नकाशांतल्या समुद्री राक्षसांबद्दल विचारलं. निम्मा वर्ग हात वर करून उभा. छापखाने नव्हते तेव्हा पुस्तकं कोण उतरवून काढायचं, यावर तर दोन बाकांत भांडणच जुंपलं. हेडसर आ वासून बघत राहिले. बाई थक्क झाल्या. मग, शेवटी माणूसच, त्यांना वाटलं की बोलता बोलता आपणच कधीतरी शिकवलं असणार. मुलं मात्र सारखी कपाटाकडे बघत चुळबुळत होती. दुसऱ्या पेटीची घाई, दुसरं काय.

"माझं ठरलं," आजी म्हणाल्या. "दुसरी पेटी याच वर्गात."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलंही नाही.

"आता एक फोटो. बाई, एखादं पुस्तक उघडून धरा हातात."

"बंदच असू दे ना, आजी," चष्मेवाली घाईघाईने म्हणाली. "कव्हर छान दिसतं."

"वेडी कुठली!" बाई हसल्या. त्यांनी कुलूप काढलं आणि रांगेतलं मधलंच एक पुस्तक उचललं. चिकटपट्टी निघेना, तेव्हा नखाने सोडवली.

आत पाचवीचं गणित होतं.

बाईंनी शेजारचं ओढलं. ते वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक निघालं.

चष्मेवालीने सुस्कारा सोडला, दप्तराची चेन उघडली आणि वाचून वाचून मऊ पडलेलं एक पुस्तक फोटोसाठी पुढे केलं. तिच्यामागोमाग सगळ्या वर्गात चेनी उघडण्याचा आवाज झाला.