आईचा व्हिडिओ

विनीताने तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तेव्हा तिच्या मुलीने, श्रियाने, फोन जेवणाच्या टेबलावर आपटला.

मागणी काही जगावेगळी नव्हती. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. विद्यार्थी युनियनच्या निवडणुकीत श्रिया अध्यक्षपदाला उभी होती, गर्भपाताच्या विरोधात असलेल्या गटाकडून. एखादी विद्यार्थिनी गरोदर राहिली तर तिच्या हातात क्लिनिकचा पत्ता ठेवून युनियनने मोकळं होऊ नये, तिला राहायला खोली द्यावी, परीक्षा पुढे ढकलून द्यावी, असं या गटाचं म्हणणं. इथे सिंगापूरमध्ये गर्भपात कायदेशीर, त्यामुळे असलं कोणी बोलायला लागलं की पोरं आधी हसायची. हसली की श्रिया दुप्पट जोरात बोलायची.

मागच्या सभेत एकाने उठून विचारलं होतं, तुझ्या आईला तरी हे पटतं का? सगळं सभागृह खिदळलं. तेव्हापासून तिचं डोकं तापलेलं होतं. उद्या शेवटची सभा. आईने कॅमेऱ्यासमोर बसून एवढंच म्हणायचं होतं, की माझी मुलगी बोलते ते बरोबर आहे. सख्ख्या आईला एवढंही जमू नये?

बाबांचा व्हिडिओ तर केव्हाच तयार होता. प्रताप बँकेत वरच्या जागेवर होता, तरी मुलीसाठी रजा काढून घरी बसला होता. प्रचाराचे टी-शर्ट त्यानेच छापून आणले. मुलीचा बाप होण्यासारखं भाग्य नाही, असं व्हिडिओत म्हणताना त्याचा आवाज भरून आला. मग तो व्हिडिओ त्याने मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकला आणि ज्यांची ज्यांची मुलं त्या विद्यापीठात होती त्या सगळ्यांना फोन केले. बाप असावा तर असा, असं त्यांच्या सगळ्या वस्तीत, टॅम्पिनीसभर झालं.

आणि आई भेंडी चिरत बसली होती.

"नको म्हणजे नको," विनीता म्हणाली. "मतं माग, नाहीतर मागू नकोस. मला त्यात ओढायचं नाही."

इथवर श्रियाने दम धरला होता. आता तिचा तोल गेला.

दुपारी तिने पुण्याच्या उल्कामावशीला फोन केला होता. भाषणासाठी स्वतःच्या जन्माची एखादी गोड आठवण हवी होती. मावशी बोलण्याच्या ओघात म्हणून गेली, तुझ्या आधीची दोन पाडली, त्यानंतर तुझ्या आईची तब्येत कधी धड राहिलीच नाही. मग कुकर लागलाय म्हणत तिने फोन ठेवून दिला.

श्रियाने बाकीचं स्वतःच जुळवलं. ती व्हायच्या आधीच्या वर्षांत विनीता पुण्यात बँकेत होती आणि शाखेतली सगळ्यात तरुण ऑफिसर झाली होती. त्या बढतीचं घरात आजही कौतुक व्हायचं. बढती कशी मिळाली ते श्रियाला आज कळलं, आणि तिला आईची किळस आली.

"मावशीने सांगितलं मला," ती म्हणाली. "माझ्या आधी दोन होती ना? प्रमोशनसाठी केलंस तू. आणि व्हिडिओ द्यायला तुला लाज वाटते, ऑफ कोर्स लाह." चिडली की तिच्या तोंडी कॉलेजातलं सिंगापुरी 'लाह' यायचं.

भेंडीवरची सुरी थांबली.

प्रताप सोफ्यावरून उठला. जुन्या गोष्टी कशाला उकरता, जेवून घेऊ या, असं काहीतरी तो बोलू लागला. श्रियाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बिचारे बाबा अजूनही आईला सांभाळून घेत होते, याचा तिला आणखी संताप आला.

"व्हिडिओ नको ना? नको देऊस. उद्या मीच सांगते स्टेजवर. माझ्या आईने दोन मुलं मारली आणि मी त्यातून उरलेली. मग बघू कोण हसतं."

"श्रिया, घरातलं बाहेर न्यायचं नाही," प्रताप म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. मुलीवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ. "सगळे ओळखीचे लोक आहेत इथे. हे बंद कर."

"का बंद करेल?" विनीताने हात पुसले. इतकी वर्षं दाबून ठेवलेला राग होता, तो एकदम वर आला आणि तिने तो अडवला नाही. "सांगू दे की तिला. हो, दोन होती. दोन्ही वेळा टेबलावर मी झोपले होते, नाकारत नाहीये मी. पण स्टेजवर चढायचं तर अर्धवट ऐकून चढू नकोस."

"मग पूर्ण सांग," श्रिया ओरडली. तिला रडू फुटलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "त्या दोघांना ठेवलं नाहीस. मला का ठेवलंस?"

विनीताने प्रतापकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"तुझ्या वेळेला," ती म्हणाली, "डॉक्टरने तुझ्या बाबांना सांगितलं होतं, मुलगा आहे."