काळ्या कापडावरचे केस

घरमालकीणबाई पुढच्या खोलीत शिवणकाम करत आणि मी मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. रोज सकाळी दार ठोठावून त्या माझ्या मांजरीची तक्रार करत.

“तुझ्या महाराणीनं गिऱ्हाइकाच्या काळ्या कापडावर पुन्हा लोळण घेतली. केस वेचून वेचून डोळे गेले माझे. तिला तरी घालव, नाहीतर खोली सोड.”

“पुन्हा नाही होणार, काकू,” मी मान खाली घालून म्हणत असे. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेच, तर ते एवढेच. त्यांच्याकडेही कापड टाकून जाणाऱ्यांखेरीज कुणी फिरकत नसे.

गेले चार दिवस मात्र माझे दार वाजले नाही. शिवणयंत्रही मुके होते. स्वयंपाकघरात समोरासमोर आलो, की आम्ही दोघेही नजर चुकवत होतो.

आज सकाळी दार वाजले. काकू उभ्या होत्या. हातात तेच काळे कापड.

“आजही केस सापडले. कितीदा सांगायचं रे तुला?”

“चुकलं, काकू. आज तिला कोंडून ठेवतो.”

“ठेव. उद्या पुन्हा दिसले, तर बघ.”

“उद्या नक्की येऊन सांगा, काकू.”

त्यांनी मान हलवली आणि कापडाची घडी घालू लागल्या. कापडावर एकही केस नव्हता. फक्त त्याचा एक मोठा तुकडा कापलेला होता. चार दिवसांपूर्वी अंगणात खड्डा खणून झाल्यावर काकूंनीच तो माझ्या मांजरीभोवती गुंडाळला होता.