एका खिडकीच्या खोलीचा रंग

"एकच खुर्ची?" त्याने विचारलं. "जोडी तरी न्यायची."

"तिला एकच पुरते," बायको म्हणाली आणि खुर्चीच्या पायाचा ढिला स्क्रू पिळू लागली.

"विकलेल्या खुर्चीचे एवढे लाड?"

"मग बसणारीने पडायचं का?"

तो मोठ्याने हसला. हल्ली घरात तो जरा जास्तच हसायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दोघं परदेशी जायची होती. तो रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचा. गिऱ्हाईकाने फरशीचा तुकडा आणो की विटलेला शर्ट, हा नुसत्या नजरेने सांगायचा, पिवळा वाढवा, काळा थेंबभरच. तिकडच्या एका कारखान्याने त्याला बोलावलं होतं. अट एकच, संध्याकाळच्या वर्गाची शेवटची परीक्षा पास व्हायचं. आणि नेमकं परीक्षेच्या दिवशीच कारखान्यात छटा ओळखणारं यंत्र आलं. जुळवणारे दोघे, त्यातला एकच राहणार अशी कुजबुज होती. आज साहेबांच्या डोळ्यांसमोर नसलो तर गेलोच, या भीतीने तो दिवसभर त्या यंत्रापाशी उभा राहिला. परीक्षा बुडाली, तिकडची जागा दुसऱ्याला गेली आणि इथले साहेब अजून "बघू" म्हणत होते. तेलही गेलं, तूपही गेलं.

त्या दिवशी बायकोने विचारलं होतं, "कसा गेला पेपर?"

"मस्त," त्याच्या तोंडून निघून गेलं.

मग एकदा जेवताना तिने विचारलं, "निकाल लागला ना?"

"लागला. पास."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पानात वाढता वाढता म्हणाली, "बरं. मग आता आवरायला घेते."

तिने घेतलंही. ती घरीच शिवणकाम करायची. आसपासच्या निम्म्या बायका, अगदी त्याच्या वर्गाच्या सरांची बायकोसुद्धा, तिच्याकडेच कपडे शिवून घ्यायच्या. सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ. त्या सगळ्यांना ती आता सांगत होती, पुढच्या महिन्यापासून इकडे येऊ नका. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या एका थापेपायी ही हातचा धंदा मोडतेय, हे त्याला दिसत होतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. संध्याकाळी दारात तिच्या गळ्यातला टेप दिसला की धीर खचायचा.

सामान घेणारी एकच बाई होती. नवी खोली घेतली होती म्हणे, तिला सगळंच लागणार होतं. दर दोन-चार दिवसांनी टेम्पोवाला यायचा. सुतळीच्या तुकड्यालाही चार गाठी मारायची त्याला खोड, म्हणून गल्लीत त्याला दोरखंड म्हणत. आरसा गेला, इस्त्री गेली, शिवणयंत्रही गेलं. किती पैसे आले हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.

"माझं कपाट?" एकदा त्याने विचारलं.

"तुझं शेवटी बघू."

भाजी चिरताना ती तिकडच्या भाषेतली वाक्यं घोकायची. तेही हल्ली ऐकू येत नव्हतं. झालं असेल पाठ, त्याला वाटलं.

मग एका सकाळी ती म्हणाली, "त्या बाईला भिंतीला रंग द्यायचाय. तू काढून देशील?"

निदान या कामात तरी तो खोटा नव्हता. "खोलीत उजेड कुठून येतो?"

"सकाळचा. खिडकी एकच. समोर शाळेची पिवळी भिंत आहे, तिच्यावरचं ऊन आत पडतं."

"मग पांढरा नको. फिकट हिरवा, किंचित राखाडीकडे झुकलेला. डोळ्यांना थंड पडेल."

त्याने स्वतः खपून तो रंग तयार केला. डबा हातात घेऊन ती कितीतरी वेळ आत बघत राहिली. "सुरेख आहे," ती म्हणाली. मग हळूच, "तुला काही सांगायचंय का?"

"दोन हात मारायला सांग तिला," तो म्हणाला.

शनिवारी मात्र त्याने मनाचा हिय्या केला. अर्ध्या दिवसाने सुटला तो थेट घरी. बायको नव्हती, आणि कापड बेतायचं तिचं मोठं मेजही नव्हतं. जिथे ते उभं असायचं तिथे फरशीवर नुसता खडूचा भुगा होता. ते पाहून त्याला रडूच फुटलं. तो धावत नाक्यावर गेला. दोरखंड दोर गुंडाळत होता.

"मेज ना? आत्ताच टाकून आलो. शाळेसमोर, दुसरा मजला."

आधी मेज परत आणायचं आणि मग तिच्यासमोर उभं राहायचं. वाटभर तो वाक्यं जुळवत होता.

दार उघडंच होतं. भिंतीवर त्याचा हिरवा छान खुलला होता. खिडकीशी मेज, मेजाला लागून ती खुर्ची. आतल्या पडद्यामागे नळ चालू होता, कुणीतरी भांडी विसळत होतं. तो उंबऱ्यावरच थांबला. मान वर करवेना.

"ताई, माफ करा," तो म्हणाला. "मेज परत न्यायला आलोय. आमचं जाणं होणार नाही. मी परीक्षेला बसलोच नव्हतो. बायकोशी खोटं बोललो. तिला अजून काही माहीत नाही. ते मेज म्हणजे तिचं पोट आहे हो, तेवढं द्या."

नळ बंद झाला. पडदा सरकला. गळ्यात टेप, हात ओले, अशी त्याची बायको बाहेर आली आणि तिने खोलीतली एकुलती एक खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "तुझं सगळं घरीच आहे. त्यातलं काहीच मी हलवलेलं नाही."