कुलगुरूंची गोगलगाय

सरांच्या टेबलावर मी स्पिरिटच्या पाच बाटल्या ओळीत मांडल्या आणि शेजारी माझा प्रबंध ठेवला. त्यांच्या सहीशिवाय तो जमा होणार नव्हता. बाटल्यांत होत्या सरांनी वीस वर्षांत एकाच तलावातून शोधलेल्या गोगलगायींच्या पाच नव्या जाती. पहिली सोडली तर प्रत्येकीला कोणत्या ना कोणत्या साहेबांचं नाव होतं, आणि प्रत्येक नावामागोमाग सरांना बढती मिळाली होती.

"सर, शंख वेगळे दिसतात, पण मायटोकॉन्ड्रियातला डीएनए, जो फक्त आईकडून येतो, तो पाचही जणींचा सारखा आहे. ही एकच जात आहे."

"पुन्हा तपास."

"तीनदा तपासला, सर."

सरांनी सहीसाठी उघडलेलं पेन बंद केलं. "बरं, बाकीच्या एक कर. कुलगुरूंची तेवढी वेगळी ठेव."

"नियमानं सगळ्यात जुनं नाव टिकतं, सर. ते पार्बताबाईंचं आहे."

"कोण पार्बताबाई?"

"शिंगाडे काढणाऱ्या. पहिली गोगलगाय त्यांनीच गळाभर पाण्यात उतरून तुम्हाला काढून दिली होती."

सरांनी कुलगुरूंची बाटली उचलून उजेडात धरली.

"साहेबांची मुदत कधी संपतेय?"

"एकतीस तारखेला."

"मग एक तारखेला ये, सही करतो." त्यांनी प्रबंध ड्रॉवरमध्ये सरकवला. "आणि येताना तलावातल्या चार गोगलगायी आण. शंख जरा वेगळा दिसेल अशा बघ. नवे कुलगुरू येतायत."