बदलीला तयार

अभयच्या ऑडिट फर्ममध्ये मॅनेजर व्हायचं तर गुरगावला बदली घ्यावी लागायची. तीन वर्षं त्याने फॉर्मवर 'तयार नाही, आईचं डायलिसिस असतं' असं लिहिलं, आणि तीन वर्षं त्याच्या हाताखालची पोरं मॅनेजर होऊन गेली. "यंदा तरी झालं का रे?" आई दर मे महिन्यात विचारायची.

यंदा त्याने 'तयार' लिहिलं. आईचं काय करायचं ते मागाहून बघू.

"आणि आई?" फॉर्म बघून त्याच्या साहेबांनी, मेहेंदळेसरांनी विचारलं.

अभयने मान खाली घातली.

"अरे! कधी?"

"एप्रिलमध्ये. गावी."

"आणि एक दिवस रजा नाही मागितलीस?"

"ऑडिट चालू होतं, सर."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. यंदा मॅनेजर कोण, ते तिथेच ठरलं.

रविवारी सकाळी सर टीममधल्या दोघांना घेऊन न कळवताच काळाचौकीच्या चाळीत अभयच्या घरी आले. दार आईने उघडलं.

"आम्ही अभयच्या ऑफिसातले. त्याची आई गेल्याचं कळलं. फोटोला हार घालून जाऊ म्हटलं."

आईने पांढऱ्या फुलांचा हार बघितला. मग वळून अभयकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"या, बसा ना," ती म्हणाली आणि सुया टोचून काळानिळा झालेला हात तिने पदराखाली घेतला. "मी त्याची मावशी."