विसावं नाव

मुख्याध्यापिका केणीबाईंनी महानगरपालिकेचं पत्र टेबलावर ठेवलं. पट वीसच्या आत असेल तर शाळा बंद होणार होती, आणि मुलं होती एकोणीस.

"इथं ग्रामपंचायत होती, तेव्हाही एकोणीसच भरली होती," पंचायतीच्या जुन्या सदस्य चांगुणाआजी म्हणाल्या. "विसाशिवाय शाळा मंजूर होईना. मग ग्रामसेवकानं विसावं नाव माझंच घातलं. वय सहा! मी तेव्हा दोन लेकरांची आई."

"आणि तपासणीला साहेब आले तेव्हा?"

"बसले की मी पोरांत! साहेब गेले, पण मला काही उठवेना. चौथी पास झाले."

आजींनी प्रवेशाचं रजिस्टर ओढलं आणि विसाव्या ओळीत वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

"तेव्हा इथं पाचवी नव्हती, बाई. आता आहे ना?"